राहिलेली एक माफी

मोख्सीन समसोदीनने माफीचं काम फुलं विकावीत तसं उरकत आणलं होतं. दारात उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा," म्हणायचं, आणि समोरचा "मनापासून माफ" म्हणाला की पुढचं दार गाठायचं. हजला निघणाऱ्याने आधी सगळ्यांची माफी घेऊन मोकळं व्हायचं ही केप टाउनच्या मुसलमानांची रीत, आणि रीत म्हटली की मोख्सीन मागे हटणारा नव्हे. आपल्या ग्रासी पार्क वस्तीतली एक गल्ली त्याने सोडली नाही. ज्याला भर बाजारात चोर म्हणाला होता त्या मासेवाल्याकडे गेला. कुंपणावरून ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या शेजाऱ्याकडे गेला. एका पोराचा चेंडू त्याने कधीकाळी चिडून कापला होता. तो पोरगा आता दाढी राखून दोन पोरांचा बाप झाला होता, त्यालाही गाठलं. "कुठला चेंडू, अंकल?" तो म्हणाला. तरी माफ केलं बिचाऱ्याने.

या सगळ्या दारांत त्याची बायको फल्दीला एक पाऊल मागे उभी होती. तिलाही हजला जायचं होतं, तिनेही माफ्या मागितल्या, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गुरुवारी विमान, आज रविवार, आणि एक दार अजून राहिलं होतं. त्या दाराचं नाव घरात कुणी घेत नसे. पोटच्या पोरीची, शिहामची, माफी न घेता हा माणूस विमानात चढला तर मक्केला जाऊन पायांना फोड आणील, बाकी काही याच्या पदरात पडायचं नाही, असं तिला अगदी आतून वाटत होतं. मोख्सीनला वाटत नव्हतं असंही नाही. जेवताना घास मध्येच हातात राहायचा त्याचा, तेव्हा फल्दीला काय ते समजायची.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," रुकेया चहात कुसिस्टर बुडवत म्हणाली. रविवारी सकाळी पाकातले, खोबरं भुरभुरलेले कुसिस्टर खायला ती भावाकडे यायचीच. मोख्सीनची ती थोरली बहीण. भाऊ तिला टीटी म्हणत, आणि तिला वचकून असत.

"कसलं शेपूट, टीटी?" मोख्सीनने विचारलं.

"तुला ठाऊक आहे कसलं."

"माझं दार उघडं आहे. कुणाला यायचं तर यावं."

"हजला कोण चाललंय, ती का तू? जाणाऱ्याने जायचं असतं."

"ती लहान आहे. लहानांनी यायचं."

"तो चेंडूवाला काय तुझा आजोबा होता?"

स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला फदील फिस्सकन हसला आणि बापाने वळून पाहताच गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. समसोदीनांनी तीन पिढ्या टेबल माउंटनची रानफुलं तोडून शहरात विकली. आजोबांच्या काळी कुणी विचारत नव्हतं. मग परवाने आले, मग बंदी आली, मग सगळा डोंगरच राष्ट्रीय उद्यान झाला. मोख्सीनने मुकाट्याने शेतातली फुलं घ्यायला सुरुवात केली. त्याच्या धाकट्या भावाने, तोयेरने, नाही केली. "बापाच्या डोंगराला विचारायचं काय?" म्हणायचा आणि पहाटे वर जाऊन पोतंभर प्रोटिया तोडून आणायचा. एका पहाटे त्याला उद्यानाच्या रक्षकांनी धरलं. धरणारी शिहाम, सख्खी पुतणी, त्या टोळीची मुख्य. तोयेरला कोर्टात उभं राहावं लागलं, दंड झाला, ओळखीपाळखीत छी-थू झाली. त्या दिवशी मोख्सीन जेवणाच्या टेबलावरून उठला आणि म्हणाला, ज्यांनी आपल्याला डोंगरावरून हाकललं त्यांचे कपडे घालून जी आपल्याच माणसाला धरते, तिचं नाव या घरात नको. शिहामने आपलं ताट धुतलं, पालथं घातलं आणि ती गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? फल्दीला त्या दिवशी मूग गिळून बसली होती. त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

आता निघण्याआधी शहराभोवतीच्या वलींच्या दर्ग्यांनाही सलाम करून यायचा होता. बाकीचे सगळे झाले होते, कॉन्स्टॅन्शियाचा तेवढा उरला होता. तो फल्दीलाने मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि मुद्दाम रविवारी. का, ते तिला, फदीलला आणि रुकेयाला माहीत होतं.

"कॉन्स्टॅन्शिया राहू दे," मोख्सीन गाडीत बसता बसता म्हणाला. "वलींना मनातलं कळतं. घरूनच सलाम करू."

"वलींना कळतं म्हणूनच चल," रुकेया म्हणाली. "कुणाला टाळतोयस तेही कळत असेल त्यांना."

मोख्सीन पुढे फदीलशेजारी बसला. मधे दोघी बायका. मागच्या सीटवर भज्यांचा डबा मांडीवर घेऊन तोयेर. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, सपाटीवरची दाटीवाटीची घरं मागे पडली आणि डोंगर जवळ यायला लागला, तसा मोख्सीन बोलायचा थांबला. तो जन्मला तो याच डोंगराच्या कुशीत, कॉन्स्टॅन्शियाच्या वरच्या अंगाला, पेअर लेन नावाच्या गल्लीत. सरकारने हा भाग गोऱ्यांचा ठरवला आणि लॉरीत घालून सगळ्यांना खाली वाळूत नेऊन टाकलं. तेव्हापासून तो रोज शहरात फुलं विकत होता, रोज डोंगराकडे बघत होता, पण पेअर लेनच्या चढावर त्याने पाऊल टाकलं नव्हतं. "माझ्याच घरी पाहुणा म्हणून जाऊ?" असं म्हणायचा. त्या चढाच्या टोकाला आता उद्यानाचं फाटक होतं, आणि तिथे शिहाम कामाला असते हेही त्याच्या कानावर आलं होतं.

दर्ग्यात सगळं ठीक झालं. बाहेर ओकच्या झाडाखाली बूट काढले, आत हिरव्या चादरीपाशी बसले, फातिहा वाचली. मोख्सीन बराच वेळ कपाळ टेकून होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा निवळला होता. तो दगडावर बसून बूट घालायला लागला आणि फल्दीलाने ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"मोख्सीन, माझी राहिली."

"काय?"

"माफी. नवऱ्याचीही घ्यावी लागते."

"मनापासून माफ," तो नाडी बांधत म्हणाला. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यालाही ते पाठ झालं होतं.

"आधी ऐक तरी. माल न बघता भाव काय सांगतोस?" फल्दीलाने ओढणी सारखी केली. "दर बुधवारी मी शिवणाच्या वर्गाला जाते ना?"

"हो."

"आजवर मी शिवलेलं एक फडकं तरी पाहिलंस? मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी शिहामकडे जाते. सहा वर्षं."

मोख्सीनच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. तो तसाच राहिला.

"सोडायला मीच जातो, बूया," फदील हळूच म्हणाला. बापाला मुलं बूया म्हणत. "परतीलाही मीच आणतो. मम्माचा एकटीचा दोष नको."

"ईदच्या सकाळी मला चक्कर येते ना दरवर्षी? मी लवकर घरी जाते?" रुकेया म्हणाली. "चक्कर-बिक्कर काही नाही. तब्येत ठणठणीत आहे माझी. तिच्याकडे शेवयांचं दूध प्यायला जाते."

मोख्सीनने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. मग त्याने गाडीला टेकून उभ्या असलेल्या भावाकडे मान वळवली. "तोयेर, ऐकलंस? तुझ्या अब्रूसाठी मी पोरीवर पाणी सोडलं, आणि ही माझ्या घरातली माणसं बघ."

तोयेरच्या तोंडात भजं होतं. ते गिळायला त्याला बराच वेळ लागला.

"बूता," तो म्हणाला. थोरल्या भावाला तो हेच म्हणायचा, पण आज त्याचा आवाज बसला होता. "जुम्म्याच्या नमाजानंतर मी तिच्याकडेच जेवतो."

"तू?"

"कोर्टाच्या दिवशी तिनेच मला घरी सोडलं रे. वाटेत दोघं रडलो. तिने कायद्याचं केलं, मी गाढवपणा केला, तिथेच मिटलं आमचं. तुला सांगायला गेलो असतो तर तू माझंही नाव टाकलं असतंस."

"काका, पुरे आता," फदील म्हणाला.

"नाही, आज सगळंच सांगून टाकतो. अर्धी माफी काय कामाची?" तोयेरने डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या स्टॉलवर मी प्रोटिया घालतो, ते मी सांगतो तसे स्टॅनफर्ड गावच्या शेतकऱ्याचे नाहीत. स्टॅनफर्डला शेतकरी-बितकरी कुणी नाहीच. उद्यानाच्या कुंपणाबाहेर पडीक तुकडा होता, शिहामने वरच्यांच्या मागे लागून तो मला कसायला मिळवून दिला. रोपंही तिनेच रीतसर दिली. सगळं मी लावलंय. तू गिऱ्हाइकांपुढे त्या शेतकऱ्याचं तोंडभरून कौतुक करतोस ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सहा वर्षं मोख्सीनचा हुकूम फक्त एका माणसाने पाळला होता, आणि तो म्हणजे मोख्सीन. फल्दीलाला एरवी हसू आलं असतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ते आलं नाही. आपण याला वाचवत होतो असं तिला इतके दिवस वाटत होतं. प्रत्यक्षात सगळ्यांनी मिळून त्याला एकटं पाडलं होतं. पोरीच्या घरी हसणं-खिदळणं चालायचं तेव्हा हा माणूस ग्रासी पार्कात एकटाच आपला राग राखत बसलेला असायचा.

"मला वेड्यात काढलंत तुम्ही," मोख्सीन म्हणाला. त्याने दुसरा बूट घातला, उठला आणि चालायला लागला. गाडी उताराला होती. तो चढाला लागला.

"गाडी इकडे आहे, बूया," फदील म्हणाला.

"तो पेअर लेनला चाललाय," रुकेया म्हणाली, आणि मघाची तिची सगळी ऐट उतरली. "फल्दीला, त्याला थांबव. रागात पोरीसमोर गेला तर होतं-नव्हतं ते जाईल. गुरुवारपर्यंत निवळू दे."

"मघाशी तर शेपूट राहिलं म्हणत होतीस."

"मघाशी तो भडकला नव्हता."

"टीटी, आज तो आपणहून चढतोय. अडवलं तर जन्मात चढायचा नाही." फल्दीलाने पर्स खांद्याला अडकवली. "तुम्ही मागून या. मी बोलावलं नाही तरी या, पण जरा दमानं."

तिच्या पायात नवे कोरे बूट होते आणि चढ उभा होता. दोन्हीकडे उंच भिंती, भिंतींवर विजेच्या तारा, आतून भुंकणारी कुत्री. पूर्वी इथे भाजीचे वाफे आणि नाशपातीची झाडं होती म्हणे. मोख्सीन कुठेही न बघता चालला होता. ती धापा टाकत त्याच्या बरोबरीला आली.

"ती आज वर असेल, तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो. रविवारी तिची पाळी याच फाटकावर असते."

"म्हणजे दर्गाही त्याचसाठी?"

"वलींना चालतं. मी आत विचारून घेतलं."

तो हसला नाही, पण त्याची चाल थोडी मंदावली. पुढचा चढ त्याने तिच्या पायांकडे बघत घेतला.

भिंती संपल्या तिथे कुंपण होतं आणि उद्यानाचं लाकडी फाटक. फाटकाशी हिरव्या शर्टातली शिहाम एका जोडप्याला कुत्र्याला साखळी लावायला सांगत होती. तिने बापाला पाहिलं. वाक्य अर्धंच राहिलं. जोडप्याने कुत्र्याला साखळी लावली आणि समजूतदारपणे काढता पाय घेतला.

"सलाम, बूया," शिहाम म्हणाली. ती पुढे आली नाही.

"वालैकुम सलाम." मोख्सीनने छातीवर हात ठेवला. चढाने त्याला दम लागला होता. "मी हजला चाललोय. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर."

म्हण पोरी, फल्दीला मनात म्हणाली. दोन शब्द म्हण आणि मोकळी हो. त्याच्यासाठी हेसुद्धा डोंगराएवढं आहे.

"नाही, बूया," शिहाम म्हणाली. "असं नको."

"असं म्हणजे?"

"मासेवाल्याला हेच म्हणालात ना? मी मासेवाला आहे का? माझं काय चुकलं, तुमचं काय चुकलं, ते माझ्याशी बोला. नाहीतर राहू दे. तुम्ही सुखरूप जाऊन या, मी इथून दुवा करीन."

फल्दीलाने जीभ दाताखाली धरली. आता हा वळणार, उतार उतरणार, आणि गुरुवारी तोंड शिवून विमानात बसणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं.

मोख्सीन वळला नाही. तो पोरीच्या शर्टाकडे बघत होता, खिशावरच्या बिल्ल्याकडे.

"मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "लॉरी आली तेव्हा दोन माणसं होती. असेच कपडे, असाच बिल्ला. एकाने माझ्या आईला विचारलं, घराची किल्ली दे. आई म्हणाली, आमच्या दाराला कुलूपच नाही. तो हसला. आईची चेष्टा केल्यासारखा हसला, आणि माझा बाप खाली मान घालून उभा राहिला." त्याने बिल्ल्यावरून नजर पोरीच्या चेहऱ्याकडे नेली. "कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. तू साक्ष द्यायला उभी राहिलीस, आणि मला तू दिसलीसच नाहीस. मला तो माणूस दिसला. माझी पोरगी घरच्या माणसाविरुद्ध खरं बोलायला एकटी उभी आहे, तिच्या जिवाला काय होत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्याचा राग मी तुझ्यावर काढला. याची माफी मागायला आलोय."

शिहामने खालचा ओठ चावला. लहानपणी पडली की ती असंच करायची.

"माफ, बूया," ती म्हणाली. "मनापासून. आणि मीही आले नाही, तेवढं मलाही माफ करा. दार उघडं आहे म्हणता, हे काका सांगायचे. माझाच पाय निघत नव्हता."

"माफ. सगळं माफ."

"पण एक आधीच सांगते. काका पुन्हा पोतं घेऊन दिसले तर मी पुन्हा धरीन."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," फल्दीला पुटपुटली. "बापावर गेलीये."

"धर," मोख्सीन म्हणाला. "मी पुन्हा चिडेन. त्याची माफी आत्ताच घेऊन ठेवतो."

शिहाम हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग मोख्सीननेच फाटक ढकललं, दोन पावलं आत गेला आणि पोरीला जवळ घेतलं. बिल्ला त्याच्या छातीला टोचला असणार. तो मागे सरला नाही. फल्दीला कुंपणाच्या खांबाला धरून मनसोक्त रडली. इतके बुधवार तिने डोळ्यांतलं पाणी पोरीला दिसू दिलं नव्हतं, आज कशाला अडवायचं?

"झालं का?" खालून तोयेरचा आवाज आला. फदील आणि रुकेया त्याच्या मागे होते. "का अजून एक चक्कर मारून येऊ? मी दोनदा माघारी फिरलो."

"या काका," शिहामने डोळे पुसले. "बरं झालं सगळे आलात. बूया, आत्या, वर चला. मला एक दाखवायचंय, आणि ते तुम्हालाच कळेल."

घरं पाडल्यावर पेअर लेनच्या वरच्या टोकाला पाइनची लागवड केली होती. पुढे तो पट्टा उद्यानात आला, आणि यंदा पाइन तोडून काढायचं काम शिहामच्या टोळीकडे होतं. पायवाट वळली तिथे एकदम उजेड आला. सगळीकडे बुंधे, आणि बुंध्यांच्या मधे वीतभर उंचीची हिरवीगार रोपं.

"ही आम्ही लावली नाहीत," शिहाम म्हणाली. "बी खालीच होतं. पाइनच्या सावलीत इतकी वर्षं पडून राहिलं. झाडं गेली, ऊन पोचलं, आपोआप वर आलं."

तोयेर एका रोपाशी वाकला. "हा तर प्रोटिया."

"काका, हात."

"बघतोय फक्त. बघायलाही दंड आहे का?"

शिहाम त्यांना बुंध्यांच्या मधून पुढे घेऊन गेली. तिथे जमिनीत सिमेंटची एक लांबट पट्टी होती, मुळांनी मधोमध उचललेली. "हा ओटा सापडला. या बाजूला चार-पाच घरं होती ना? कुणाचा आहे ते मला ओळखता येत नाही."

रुकेया गुडघ्यावर बसली. या वयात तिला कुणी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. तिने फदीलच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, रुमाल भिजवला आणि ओट्याचा कोपरा घासायला लागली. माती निघाली आणि खाली लाल रंग दिसला.

"लाल पॉलिश," ती म्हणाली. "आई दर शुक्रवारी ओणवी होऊन घासायची."

"सगळ्यांचेच ओटे लाल होते, टीटी," मोख्सीन म्हणाला. त्याला आशा धरायची भीती वाटत होती, हे फल्दीलाला त्याच्या आवाजावरून कळलं. "हा कुणाचाही असेल. आपल्या ओट्याला डावीकडे उतार होता. फुलांची हातगाडी वर घ्यायला बापाने केला होता. तसा उतार दुसऱ्या कुणाकडे नव्हता."

फदील आणि तोयेर बुटांनी डावीकडचा पाचोळा सारायला लागले. मग मोख्सीनही वाकला आणि हातांनी माती ओढायला लागला. शिहामने फावडं आणून दिलं, ते त्याने घेतलं नाही. मातीच्या खाली सिमेंट होतं, आणि ते उतरत जमिनीपर्यंत आलं होतं. चाकांनी पडलेल्या दोन खाचा अजून बोटाला लागत होत्या.

मोख्सीन ओट्यावर बसला. समोर, झाडं तुटल्यामुळे, सगळं उघडं झालं होतं: खाली श्रीमंतांची कौलं, त्यापलीकडे ग्रासी पार्क आणि सपाटीवरची लाखो माणसांची वस्ती, आणि शेवटी खाडीचं चकचकणारं पाणी. "इथून समुद्र दिसायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी मनानेच रचलंय." रुकेया रडत होती, तोंड न झाकता. लॉरीतून जाताना तोयेर आईच्या मांडीवर तान्हा होता. तो ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालत राहिला.

रुकेयानेच डोळे कोरडे केले आणि ती पुन्हा थोरली बहीण झाली. "तोयेर," ती म्हणाली, "बांग दे."

"आत्ता? असरच्या नमाजाला अवकाश आहे, टीटी."

"नमाजाची नाही. हाजी घरातून निघताना दारात देतात ती."

"आत्या, ती गुरुवारी आहे," फदील म्हणाला. "इमामसाहेबांना सांगून ठेवलंय. निम्मं ग्रासी पार्क येणार आहे."

"येऊ दे की. विमान गुरुवारी तिथून पकडा." रुकेयाने ओट्यावर हात टेकला आणि ती उठली. "घरातून आज निघा."

मोख्सीनने फल्दीलाकडे पाहिलं. ती ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इथे ती सून म्हणून कधी आली नव्हती. लग्न होईस्तोवर घर राहिलंच नव्हतं. तोयेरने दोनदा घसा साफ केला, कानांवर हात ठेवले आणि बांग दिली. त्याचा आवाज सुरुवातीला चिरकला, मग लागला, आणि तोडलेल्या पाइनवरून सरळ खाली गेला. वाटेवरचं ते मघाचं जोडपं कुत्र्याला धरून जागच्या जागी थांबलं. शिहाम टोपी हातात घेऊन उभी होती.

बांग संपली. मोख्सीनने उजवा पाय पुढे टाकला आणि बापाने केलेल्या उतारावरून तो खाली आला. फल्दीला त्याचा हात धरून उतरली. तो शिहामपाशी थांबला. गावाला निघालेला माणूस दाराशी खिसे चाचपतो तसे त्याने खिसे चाचपले, मग त्या बुंध्यांकडे, रोपांकडे आणि वरच्या कड्यांकडे पाहिलं.

"आम्ही येईस्तोवर घराकडे लक्ष ठेव गं," तो म्हणाला.

"ठेवते, बूया," शिहाम म्हणाली.